सोयाबीनच्या दुधाचे डॉक्टर

तान्ह्या मुलाला आईचे दूध हेच पहिले अन्न, याबद्दल कुणाचे दुमत नाही. पण आईला दूधच आले नाही, किंवा आईच राहिली नाही, तर? मग घरातली जाणती बाई वरच्या दुधाची सोय करते. बहुतेक बाळांना गाईचे दूध पाणी घालून, साखर घालून चालून जात असे. काही बाळांना मात्र ते अजिबात सोसत नाही. पोटात गेले की उलटी होते, जुलाब लागतात, अंगावर पुरळ उठते आणि बाळ बाळसे धरायचे सोडून दिवसेंदिवस वाळत जाते. अशा बाळांना द्यायचे तरी काय, या प्रश्नाने ज्यांच्या आयुष्याला वेगळे वळण दिले, त्यांतले एक मोठे नाव म्हणजे डॉ. हॅरी मिलर.

मिलर यांचा जन्म १ जुलै १८७९ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला. बॅटल क्रीक येथे डॉ. जॉन केलॉग यांच्या हाताखाली ते शिकले आणि १९०२ मध्ये डॉक्टर झाले. ज्या ख्रिस्ती पंथात ते वाढले त्यात शाकाहाराला मोठा मान होता. मांस टाळून शरीराला पुरेसे पोषण कसे द्यावे, हा विषय त्यामुळे त्यांच्या विचारात सुरुवातीपासून होता.

१९०३ मध्ये ते मिशनरी डॉक्टर म्हणून चीनला निघाले. बरोबर पत्नी मॉड होत्या, त्याही डॉक्टरच. दोघे हेनान प्रांतात खेड्यात जाऊन राहिले. मिलर यांनी चिनी पोशाख घातला, तिकडच्या रीतीप्रमाणे वेणीही ठेवली आणि भाषा शिकून घेतली. पण दोनच वर्षांत, १९०५ मध्ये, पचनसंस्थेच्या आजाराने मॉड गेल्या. पुढे त्याच आजाराने मिलर यांनाही गाठले आणि १९११ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. अन्न पोटात जाऊनही अंगी लागत नाही म्हणजे काय, हे त्यांनी स्वतःच्या घरात आणि स्वतःच्या देहावर अनुभवले होते.

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या आरोग्यधामात त्यांनी अनेक वर्षे काम केले. गलगंडाचे शल्यविशारद म्हणून त्यांचे नाव झाले. १९२५ मध्ये ते पुन्हा चीनला गेले आणि शांघायमध्ये त्यांच्या पुढाकाराने मोठे रुग्णालय उभे राहिले. गोरगरिबांबरोबर सत्ताधारीही त्यांच्याकडे येत. मांचुरियाचे तरुण सेनानी चँग श्वेलियांग यांना अफूच्या व्यसनातून त्यांनी १९३३ मध्ये सोडवले, ही हकिगत त्या काळी सर्वत्र गाजली.

पण रुग्णालयात येणारी हडकुळी मुले त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. चीनमध्ये दुभती जनावरे फार थोडी. गाईचे दूध मिळाले तरी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे. आईचे दूध आटले की बाळाच्या वाट्याला तांदळाची पेज येई. पेजेने पोट भरते, पण हाडामांसाची वाढ होत नाही. दुसरीकडे त्याच देशात सोयाबीन मुबलक होते. सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून केलेला पांढरा रस चिनी लोक शतकानुशतके करत आले होते. त्यापासून ते टोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर बनवत. मिलर यांनी हा रस बाळाच्या बाटलीत आणायचे ठरवले.

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. अमेरिकेत जॉन रूहरा यांनी १९०९ मध्येच बालकांच्या आहारात सोयाबीनचे पीठ वापरून पाहिले होते. पेकिंगमध्ये डॉ. अर्नेस्ट त्सो यांनी १९२८ मध्ये सोयाबीनच्या दुधावर वाढवलेल्या बाळाचा अनुभव नोंदवला. १९२९ मध्ये हिल आणि स्टुअर्ट या अमेरिकन डॉक्टरांनी गाईचे दूध न सोसणाऱ्या मुलांसाठी सोयाबीनचा आहार सुचवला. अडचण होती ती चवीची आणि पचनाची. सोयाबीनला एक उग्र, कच्चट वास असतो. शिवाय कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनांच्या पचनात आडवे येतात. मिलर यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. वाटलेले सोयाबीन वाफेवर नीट शिजवले की वासही जातो आणि दूध पचायलाही हलके होते, हे त्यांच्या हाती लागले. रुग्णालयातल्या बाळांना ते देऊन त्यांच्या वजनाच्या नोंदी ठेवल्या आणि १९३६ मध्ये निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी शांघायमध्ये त्यांनी सोयाबीनच्या दुधाचा कारखाना काढला. बाटलीबंद दूध घरोघर जाऊ लागले. पण हे सुख काही महिन्यांचेच ठरले. १९३७ च्या ऑगस्टमध्ये शांघायवर जपानी बॉम्ब पडले आणि कारखाना उद्ध्वस्त झाला.

मिलर तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते. दुसरा कोणी असता तर निवृत्त झाला असता. त्यांनी ओहायोतल्या माउंट व्हर्नन येथे नव्याने प्रयोगशाळा थाटली. तेथून सोयालॅक हे बालकांसाठीचे सोयाबीनचे दूध बाजारात आले. लॅक म्हणजे लॅटिन भाषेत दूध. गाईचे दूध वर्ज्य असलेल्या अमेरिकन बाळांच्या आईबापांना त्यामुळे मोठाच दिलासा मिळाला.

या कहाणीला एक विलक्षण जोड आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकन डॉक्टरांच्या लक्षात आले, की केवळ सोयाबीनच्या दुधावर वाढणाऱ्या काही बाळांना गलगंड होतो आहे. ज्या डॉक्टरांनी आयुष्यभर गलगंड कापून काढले, त्यांनीच ज्या अन्नाचा पुरस्कार केला त्यातून हा विकार उद्भवावा! कारण लवकरच उमगले. सोयाबीनमुळे शरीराला आयोडिनाची गरज वाढते आणि त्या वेळच्या दुधात ते पुरेसे नव्हते. आयोडिन घालू लागल्यावर हा प्रकार थांबला. पुढे प्रथिनांतली उणीव भरून काढणारे घटकही त्यात घातले जाऊ लागले.

वयाच्या सत्तरीनंतरही मिलर आशियातल्या निरनिराळ्या देशांत रुग्णालये आणि सोयाबीनच्या दुधाचे प्रकल्प उभारत फिरत राहिले. १९५६ मध्ये चँग काय-शेक यांनी त्यांना तैवानचा मोठा सन्मान दिला. १ जानेवारी १९७७ रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आज मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनचे अमाप पीक येते. दुकानांत सोयाबीनचे दूधही मिळते. ते पाहून कुणी म्हणेल, मग बाळाला घरीच काढून द्यायला काय हरकत? मिलर यांच्या कहाणीतून नेमका उलटा धडा घ्यायचा आहे. मोठ्यांनी पिण्याचे सोयाबीनचे दूध वेगळे आणि तान्ह्या बाळासाठी मोजूनमापून तयार केलेले वेगळे. वर्षाच्या आतल्या बाळाचे मुख्य अन्न म्हणून पहिले चालत नाही. बदामाचे किंवा तांदळाचे दूधही नाही. आपल्याकडे शेळीचे दूध हलके म्हणून देण्याची पद्धत आहे. पण त्यातली प्रथिने गाईच्या दुधासारखीच असल्याने ज्या बाळाला गाईचे दूध बाधते त्याला तेही बहुधा बाधते. शिवाय त्यात फोलिक आम्ल फार कमी असल्याने केवळ त्यावर वाढलेल्या बाळाला रक्तक्षय होऊ शकतो. गाईचे दूध न सोसणाऱ्या काही बाळांना सोयाबीनही सोसत नाही. अशांसाठी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले खास दूध असते. यातले कोणते द्यायचे, हे बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायला हवे. आणि आईचे दूध पिणाऱ्या बाळाला असा त्रास असेल, तर बहुतेक वेळा अंगावरचे दूध तोडावे लागत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने स्वतःच्या आहारातून दुधाचे पदार्थ काही काळ वगळले तरी भागते.

आयोडिनाच्या अभावाने काय होते, हे मिलर यांच्याइतके फार थोड्यांना ठाऊक होते. तरीही बाळाच्या बाटलीतली ती उणीव कळायला कित्येक वर्षे गेली. घरच्या पातेल्यात दूध काढताना एवढे लक्षात ठेवलेले बरे.