दुर्गाबाई खोटे : काम हीच शाळा

आपल्या मंडळात नाटुकले बसवायचे ठरले की निम्म्या भगिनी आधीच माघार घेतात. आपण कुठे अभिनय शिकलो आहोत, आपल्याला कसे जमायचे, असे त्यांचे म्हणणे असते. उलट, ज्यांच्या लेकी-सुना नाट्यशिबिरांना जाऊन आल्या आहेत, त्या सांगतात की शास्त्रशुद्ध शिकल्यावाचून रंगमंचावर पाऊल टाकूच नये. दोन्ही बाजू ऐकल्या की मला दुर्गाबाई खोटे यांची आठवण होते. अभिनयाची शाळा न पाहिलेली ही बाई पन्नास वर्षांहून अधिक काळ अभिनयावर उभी राहिली. ते कसे साधले, हे मला जसे समजले तसे येथे सांगते.

दुर्गाबाईंचा जन्म 14 जानेवारी 1905 चा. माहेरचे नाव विठा लाड. लाड मंडळी मूळची गोव्याकडची, घरात कोकणी बोलणारी. मुंबईत कांदेवाडीतल्या मोठ्या एकत्र कुटुंबात त्या वाढल्या. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि मग सेंट झेवियर्स कॉलेजात झाले. कॉलेजात असतानाच खोटे यांच्या घरी त्यांचे लग्न झाले. पुढे दिवस फिरले. वयाची पंचविशी जेमतेम उलटली तोच पदरात दोन लहान मुलगे आणि घरात पैशाची चणचण, अशी वेळ आली. सुखवस्तू घरातल्या बाईने कमावण्यासाठी बाहेर पडावे, तेही चित्रपटात, ही गोष्ट त्या काळी लोकांच्या पचनी पडणारी नव्हती.

बरे, शिकून मग काम करावे म्हटले, तर शिकायचे कुठे? आपल्याकडे नट तयार होत ते नाटक मंडळ्यांत. लहानपणीच पोर मंडळीत जायचे, पडेल ते काम करायचे, तालमी ऐकत मोठे व्हायचे. पण तो मार्ग मुलांचा. स्त्रियांच्या भूमिकाही बहुधा पुरुषच करीत. घरंदाज मुलीला ते दार बंदच होते. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 साली निघाले आणि पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट 1960 साली. तोवर दुर्गाबाईंना या धंद्यात जवळजवळ तीस वर्षे झाली होती.

त्यांचे पहिले काम 1931 सालच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात झाले. भूमिका अगदी छोटी. चित्रपट चालला नाही आणि वाट्याला आली ती टीकाच. दुसरी एखादी बाई तेथूनच परत फिरली असती. पण कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने त्यांना ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात तारामतीची भूमिका दिली. हा प्रभातचा पहिला बोलपट, 1932 सालचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचेच.

त्या कामात काय काय अडचणी असतील, याचा विचार आपण संसारी बायकांनी जरूर करावा. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. ज्याची भूमिका त्यानेच कॅमेऱ्यासमोर उभे राहून गायचे. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघाला, म्हणजे तीच तारामती दोनदा उभी करायची. मला वाटते, हीच दुर्गाबाईंची पहिली इयत्ता. समोर टेंब्यांसारखा मुरलेला कलावंत आणि कॅमेऱ्यामागे शांतारामांसारखा काटेकोर दिग्दर्शक. दुर्गाबाई शाळेत गेल्या नाहीत हे खरे, पण गुरूंवाचून राहिल्या असे मात्र कोणी समजू नये.

पुढच्याच वर्षी त्या कलकत्त्याला गेल्या. न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’ (1933) या चित्रपटात मीरा आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’ (1934) या चित्रपटात सीता. दोन्हींचे दिग्दर्शक देवकी बोस, दोन्हींत सोबत पृथ्वीराज कपूर. ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला. मग पुण्यात प्रभातच्याच ‘अमरज्योती’ (1936) मध्ये त्यांनी सौदामिनी रंगवली. सोशिक तारामतीनंतर ही समुद्रावर चाचेगिरी करणारी, अन्यायाचा सूड घेणारी बाई! त्या काळी नटनट्या एकाच कंपनीत महिन्याच्या पगारावर बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी ती पद्धत मोडून निरनिराळ्या कंपन्यांत कामे केली. यात पोटाचा हिशेब होताच, पण प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी, म्हणून शिकणेही वेगळे. एका ठिकाणी पाय रोवून बसल्या असत्या तर एवढे हाती लागले नसते.

एक गोष्ट येथे प्रांजळपणे सांगायला हवी. दुर्गाबाईंचे उदाहरण देऊन तालमीची थट्टा करणाऱ्यांशी माझे जमत नाही. त्याच 1905 साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर पाहा. अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे तालीम घेतली, तेव्हा त्यांचे गाणे उभे राहिले. रागदारी ही नुसती ऐकून आणि करून येणारी विद्या नव्हे. तेथे गुरूसमोर बसावेच लागते. अभिनयाची गोष्ट थोडी वेगळी. त्याचा कच्चा माल आपल्या जगण्यातच असतो आणि दिग्दर्शक त्याला आकार देतो. तेव्हा प्रत्येक कलेला एकच माप लावणे बरे नव्हे. दुर्गाबाईंजवळ इंग्रजी शिक्षण होते, वाचन होते, चार लोकांत वावरण्याची सवय होती, हेही विसरू नये. ही शिदोरी प्रत्येकीला मिळत नाही.

मला त्यांचे खरे कौतुक वाटते ते पुढच्या काळाचे. नाव झाले, 1942 सालच्या ‘भरत मिलाप’मधली कैकेयी गाजली, तरी त्यांनी शिकणे थांबवले नाही. चित्रपटातून नाव मिळवलेल्या या बाईंनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून रंगभूमीवरही कामे केली. ‘भाऊबंदकी’त त्या आनंदीबाई झाल्या. वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चे रूपांतर करून ‘राजमुकुट’ लिहिले, त्यातही त्यांनी काम केले. तेव्हा त्या पन्नाशीच्या घरात होत्या. कॅमेऱ्यापुढे नजरेच्या हालचालीने जे सांगता येते, ते नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावे लागते. नावलौकिक मिळाल्यावर पुन्हा विद्यार्थी होण्याला मोठे मन लागते. अभिनयासाठी त्यांना 1958 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

‘मुगल-ए-आझम’ (1960) मधली जोधाबाई आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिली असेल. एकीकडे पती, दुसरीकडे पुत्र, आणि मध्ये ही आई! वय झाले तसे त्यांनी नायिकेचा हट्ट धरला नाही. आई, सासू, ‘अभिमान’ (1973) मधली मावशी अशा भूमिका आपल्याशा केल्या. ‘बिदाई’ (1974) मधल्या कामाबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. 1968 साली पद्मश्री आणि 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे मान त्यांना मिळाले. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र 1982 साली आले. लघुपट, जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्थाही त्यांनी चालवली, आणि 1988 साली घरोघरी पाहिली गेलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका त्याच संस्थेची. 22 सप्टेंबर 1991 रोजी त्या गेल्या.

पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली ती प्रभातच्याच जुन्या स्टुडिओत. ज्या जागेत दुर्गाबाई सौदामिनी रंगवता रंगवता शिकल्या, तेथेच पुढे रीतसर वर्ग भरू लागले, आणि तेथून निघालेल्या कलावंतांनीही नाव काढले. मला तर यात दोन्ही बाजूंचा निवाडा दिसतो. आज आपल्या मुलींसाठी शाळा आहेत. ज्यांना जाता येईल त्यांनी अवश्य जावे, आणि आयांनी पैशाची काटकसर करून पाठवावे. मात्र जिला ते दार उघडे नाही, जिचे वय उलटून गेले, तिने हात जोडून बसू नये. जे काम समोर येईल ते पत्करावे, जाणत्याचे ऐकावे, चुकले तर पुन्हा करावे. फक्त शिकवणारा कोणी नाही म्हणून शिकायचेच नाही, एवढे मात्र करू नये.