चार महिने आणि चार मिनिटे

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, हॉक्स बे भागातल्या हेस्टिंग्ज शहराबाहेर, फर्नहिल नावाची एक लहानशी शाळा होती. १९५० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या बालवर्गात एक माओरी मुलगा शिकत होता. ‘कम’, ‘लुक’ आणि ‘अँड’ हे तीन इंग्रजी शब्द वाचायला शिकण्यास त्याला चार महिने लागले. ते पाठ्यपुस्तकी वाचनाचे अगदी आरंभीचे शब्द होते. पुढे त्याच मुलाला त्याच्या बाईंनी खाटकाची सुरी, तुरुंग, पोलीस, गाणे, रडणे, मुका, हाका नृत्य, मारामारी आणि आईबाप यांसाठीचे इंग्रजी शब्द लिहून दिले. ते त्याने चार मिनिटांत आत्मसात केले. तो मुलगा मंदबुद्धी नव्हता. त्याच्या घरी प्रेमही उदंड होते आणि मारही. पोलिसांचे भय तर रोजचेच. पुस्तकातल्या नीटनेटक्या गोऱ्या कुटुंबाशी त्याचे काही देणेघेणे नव्हते.

या बाईंचे नाव सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर. परकी भाषा वाचायला शिकणाऱ्याचा पहिला शब्द कोणी निवडायचा, या एका प्रश्नावर त्यांनी आपल्या उमेदीची वर्षे खर्च केली.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९०८ रोजी तारानाकी प्रांतातल्या स्ट्रॅटफर्ड गावी झाला. वडील इंग्लंडहून आलेले, संधिवाताने जखडलेले आणि घरीच बसून असलेले. मुलांना गोष्टी सांगाव्यात, इतपतच काम त्यांच्या हातून होई. आई मार्गारेट शिक्षिका होती. खेड्यापाड्यांतल्या एकशिक्षकी शाळांवर नेमणूक घेत, मुलांचा मोठा लबेदा आणि आजारी नवरा बरोबर नेत, तिने संसार ओढला. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत बिऱ्हाड हलविणे हेच सिल्व्हिया यांचे बालपण. आईच्याच वर्गात बसून त्या शिकल्या, आणि शिक्षकाचा पेशा किती जीवघेणा असतो हेही तिथेच पाहिले. त्यांना व्हायचे होते चित्रकार किंवा पियानोवादक. शिक्षिका होण्याची हौस त्यांना कधीच नव्हती. परंतु गरिबाघरच्या हुशार मुलीला त्या काळात दुसरी वाट कुठली? वेलिंग्टनमध्ये उमेदवारी करून १९२८ साली त्या ऑकलंडच्या अध्यापक महाविद्यालयात दाखल झाल्या. तिथे कीथ हेंडरसन या सहाध्यायाची भेट झाली आणि १९३२ साली दोघांचा विवाह झाला. तीन मुले झाली. पुढच्या आयुष्यात कीथ मुख्याध्यापक आणि सिल्व्हिया बालवर्गाच्या शिक्षिका, असा जोडीने संसार व नोकरी चालली. घरकामाचा आणि मुलांचा बराच भार कीथ यांनी उचलला, म्हणून पत्नीच्या हाती लेखनाचे तास लागले. त्या काळच्या पुरुषाविषयी ही गोष्ट नोंदवून ठेवावी अशी आहे.

१९३८ साली हे दांपत्य पूर्व किनाऱ्यावरच्या होरोएरा या अतिदूरच्या गावी गेले. शाळा ‘नेटिव्ह स्कूल’, म्हणजे माओरी मुलांसाठी सरकारने चालविलेली. १८६७ च्या कायद्याने अशा शाळा स्थापन झाल्या होत्या आणि त्यांचे माध्यम इंग्रजी होते. घरी माओरी, शाळेत इंग्रजी. शाळेच्या आवारात माओरी बोलल्याबद्दल छड्या खाल्ल्याच्या आठवणी त्या पिढीतल्या अनेकांनी पुढे सांगितल्या आहेत. वसाहतीच्या अमलाखालून आलेल्या मराठी वाचकाला ही कथा अगदीच अनोळखी वाटू नये.

होरोएराचा एकांतवास सिल्व्हिया यांना सोसला नाही. १९३९ साली त्यांची प्रकृती मनाच्या अंगाने पार ढासळली आणि वेलिंग्टनला एका मज्जातंतुतज्ज्ञाकडे उपचार घ्यावे लागले. या आजारातून त्या दोन गोष्टी घेऊन परतल्या: माणसाच्या मनात खोलवर दडलेल्या भयाची व ओढीची जाण, आणि रोज नेमाने लिहिण्याची सवय. व्हांगानुई नदीकाठच्या पिपिरिकी गावी, १९४१ नंतर, त्यांनी घरापासून वेगळ्या एका झोपडीत आपली लिहिण्यावाचण्याची जागा केली. बायबलमधल्या स्तोत्रांत येणारा ‘सेला’ हा शब्द त्यांनी त्या जागेला नाव म्हणून दिला. पुढे जिथे जिथे त्या गेल्या तिथे तिथे एक ‘सेला’ उभी राहिली.

पिपिरिकीनंतर वायोमाटाटिनी, आणि १९४९ साली फर्नहिल. खरे काम इथे घडले.

त्या सुमारास ‘जॅनेट अँड जॉन’ ही वाचनमाला न्यूझीलंडच्या शाळाशाळांतून पोहोचली होती. मोजके शब्द, त्यांची पुन्हापुन्हा आवर्तने, स्वच्छ कपड्यांतली दोन गोरी मुले, कुत्रा, बाग. प्रौढांनी ठरविलेली, सोप्याकडून कठिणाकडे जाणारी ही पायरी कागदावर निर्दोष होती. पण फर्नहिलची पाच वर्षांची मुले या पायरीशीच अडखळत. सिल्व्हिया यांनी आधी स्वतःच माओरी जीवनावरची वाचनपुस्तके हाताने लिहून, रंगवून तयार केली. ती बरी चालली. तरीही त्यांतले शब्द मोठ्या माणसानेच निवडलेले होते. मग त्यांनी निवडीचा हक्कच मुलांच्या हाती दिला.

रोज सकाळी एकेक मूल बाईंजवळ येई. आज तुला कोणता शब्द हवा, एवढाच प्रश्न. मूल जो शब्द सांगेल तो बाई सुमारे फूटभर लांबीच्या जाड पुठ्ठ्यावर काळ्या खडूने मोठ्या अक्षरांत लिहीत आणि कोपऱ्यात त्या मुलाचे नाव घालीत. मूल शब्दावरून बोट फिरवी, मोठ्याने म्हणे आणि पुठ्ठा घेऊन जाई. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांचे सगळे पुठ्ठे जमिनीवर ओतले जात. त्या ढिगातून प्रत्येकाने आपापले शब्द हुडकून काढायचे. मग जोडीदारासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. एकाने दुसऱ्याचे ऐकायचे. जो शब्द मुलाला ओळखता आला नाही तो बाद. त्यात मुलाचा दोष नाही, तो शब्दच त्याच्या जिवाचा नव्हता, अशी बाईंची धारणा होती. दांडगा गोंगाट झाला, की बाई पियानोवर बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे पहिले आठ स्वर वाजवीत, आणि वर्ग जागच्या जागी थबके.

कोणते शब्द येत? सर्वांत बलवान दोन: ‘घोस्ट’ आणि ‘किस’. भूत आणि मुका. भयाचा शब्द आणि प्रेमाचा शब्द. त्यांच्या मागोमाग आई, बाप, पोलीस, रानडुक्कर, बॉम्बफेकी विमान. या संग्रहाला त्यांनी किल्लीचे शब्द अशा अर्थाचे नाव दिले. मुलाच्या मनाला ज्वालामुखीसारखी दोन मुखे असतात, एक विध्वंसाचे व एक निर्मितीचे, आणि निर्मितीचे मुख मोकळे केले की दुसरे आपोआप आकसते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मानसशास्त्र म्हणून ते ढोबळ म्हणावे लागेल. वर्गातला अनुभव म्हणून मात्र ते सहज उडवून लावण्यासारखे नाही.

एका शब्दावरून मूल दोन शब्दांवर येई, मग वाक्यावर, मग चारसहा ओळींच्या गोष्टीवर. इथे भाषाशिक्षणाच्या दृष्टीने एक मोठी मौजेची गोष्ट घडे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी काळ घोटलेल्या मराठी माणसाला ठाऊक आहे, की आपल्याकडे आधी वर्तमानकाळ येतो, मग भूतकाळ, मग भविष्यकाळ, आणि शिकणारा जे कधी केले नाही त्याची वाक्ये करीत राहतो. बालवाचनमालेतली भाषाही अशीच, आज्ञार्थाची आणि साध्या वर्तमानाची: ये, पाहा, धाव. फर्नहिलच्या मुलांना मात्र सांगायचे असे ते काल रात्री काय झाले, नदीवर कोण पडले, घरी कोणी कोणाला मारले. मुलाला भूतकाळ लागला, कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही घडून गेले होते. लिहिताना एखादा शब्द अडला तर मूल विचारी, बाई तो लिहून देत, आणि त्या मागितलेल्या शब्दांचीच पुढे शुद्धलेखनासाठी उजळणी होई. मजकुराला हात लावायचा नाही, हा नियम होता. दारू, मारहाण, मरण, काय येईल ते येवो. बाई नापसंती दाखवीत नसत.

आकलनाचा प्रश्नही असाच सुटे. एरवी आधी उतारा आणि खाली पाच प्रश्न, ही वाचनाच्या परीक्षेची रीत. इथे मुले एकमेकांनी लिहिलेले वाचीत, आणि लिहिणारा शेजारीच बसलेला असे. कळले नाही तर त्यालाच विचारायचे. आणि जे कळले त्यावर वर्गात इतकी बडबड होई, की आकलन झाले की नाही हे वेगळे तपासायला नको. बाहेरची पुस्तके वर्ज्य नव्हती. ‘जॅनेट अँड जॉन’देखील शेवटी येईच, पण स्वतःच्या शब्दांवरून चालत आलेल्या मुलापुढे. या पद्धतीत मेहनत मात्र भयंकर होती. रोज प्रत्येक मुलाचे ऐकायचे, लिहायचे; पुस्तक वाटून मोकळे होण्याची सोय नाही. ती फार ठिकाणी रुजली नाही याचे एक कारण इथेच आहे.

असे प्रयोग त्या काळात एकट्यादुकट्याचे नव्हते. त्याच वर्षांत ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ बालशिक्षण वारली पाड्यांच्या अंगणात नेत होत्या, आणि महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तू वापरीत होत्या. ब्राझीलमधल्या आंजिकोस गावी १९६३ साली पाउलो फ्रेइरे यांनी प्रौढ मजुरांना त्यांच्याच जगण्यातल्या शब्दांवरून साक्षर करण्याचा प्रयोग केला. योग असा, की सिल्व्हिया यांचे ‘टीचर’ हे पुस्तक न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले तेही १९६३ साल होते.

त्याआधी त्यांना कीर्ती मिळाली ती कादंबरीकार म्हणून. १९५७ साली दांपत्य टौरांगाजवळच्या बेथलेहेम शाळेत गेले, आणि पुढच्याच वर्षी लंडनहून ‘स्पिन्स्टर’ प्रसिद्ध झाली. माओरी मुलांच्या वर्गात जीव ओतणाऱ्या एका अविवाहित शिक्षिकेची ही कथा अमेरिकेतही गाजली. १९६१ साली तिच्यावर हॉलिवूडने शर्ली मॅक्लेन यांना घेऊन ‘टू लव्हज’ हा चित्रपट काढला. ‘टीचर’ला हर्बर्ट रीड यांच्यासारख्या कलासमीक्षकाची प्रस्तावना लाभली, आणि अमेरिकेतल्या नव्या शिक्षणाच्या चळवळीने ते उचलून धरले.

मायदेशाविषयी मात्र सिल्व्हिया यांच्या मनात कायमचा सल राहिला. शाळा-निरीक्षकांनी आपल्याला समजून घेतले नाही, देशाने आपल्याला झिडकारले, असे त्या सांगत राहिल्या, आणि परदेशातल्या वाचकांनी ते खरे मानले. १९८८ साली लिनली हूड यांनी लिहिलेल्या चरित्रातून निराळे चित्र पुढे आले. शिक्षकांच्या राष्ट्रीय मासिकाने १९५५-५६ मध्येच त्यांचे या पद्धतीवरचे लेख छापले होते, आणि त्यांच्या कामाची कदर करणारे अधिकारीही होते. अवहेलनेची कथा बरीचशी त्यांनीच रचली होती. त्या वागायला सोप्या नव्हत्या, मद्याचे व्यसन होते, आणि शाळेत जाण्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता. हे सारे खरे धरूनही फर्नहिलचे पुठ्ठे खोटे ठरत नाहीत.

१९६९ च्या आरंभी कीथ वारले. त्यानंतर सिल्व्हिया परदेशी निघाल्या. १९७० साली कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेन येथे एका नव्या मुक्त शाळेत त्यांना बोलावले गेले. तिथे त्यांची पद्धत प्रथमच अडली. सुखवस्तू घरांतली मुले, दूरचित्रवाणीपुढे वाढलेली. तुला कोणता शब्द हवा म्हटल्यावर आतून काही उसळून येईना. मुले कामाला बसायलाही राजी नसत. स्वातंत्र्याचा अर्थ तिथे मनाला येईल ते, असा झाला होता. ज्या बाईंनी मुलांना मोकळीक दिली म्हणून अमेरिकेने डोक्यावर घेतले, त्यांनाच आता शिस्तीची बाजू मांडावी लागली. तो अनुभव ‘स्पियरपॉइंट’ या १९७२ च्या पुस्तकात आहे. पुढे व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात शिक्षकांना शिकवून त्या टौरांगाला परतल्या. ‘आय पास्ड धिस वे’ हे आत्मचरित्र १९७९ साली आले, आणि ज्या देशाने झिडकारले अशी त्यांची तक्रार होती त्याच देशाने त्याला ग्रंथपुरस्कार दिला.

त्यांच्या कामातली एक उणीव मात्र आज अधिक ठळकपणे दिसते. मुलाचा स्वतःचा शब्द, हा त्यांचा आग्रह; पण तो शब्द पुठ्ठ्यावर उतरे तो बहुधा इंग्रजीत. हाकासारखा एखादा माओरी शब्द येई, तेवढाच. माओरी जगातून युरोपीय जगात जाण्यासाठी मुलाला पूल हवा, असे त्या मानीत आणि तो पूल त्यांनी कळकळीने बांधला. परंतु त्यावरून रहदारी एकाच दिशेने होती. मुलाच्या आजीची भाषा वर्गाच्या दाराबाहेरच राहिली. याचा सगळा दोष एका शिक्षिकेवर टाकता येणार नाही, कारण शाळेची रचनाच तशी होती. तरी मुलाच्या अंतरंगाचा एवढा ठाव घेणाऱ्या बाईंना ही गोष्ट मोठी वाटली नाही, याचे नवल वाटते.

१९८२ साली सिल्व्हिया यांना ब्रिटिश राजसत्तेकडून एमबीई हा किताब मिळाला. त्याच वर्षी वेलिंग्टनजवळच्या वायनुईओमाटा येथे पहिले ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचे घरटे, उघडले. तिथे शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या मुलांशी आज्याआजोबा दिवसभर केवळ माओरीत बोलत. अशी घरटी देशभर उभी राहू लागली होती, तेव्हा २८ एप्रिल १९८४ रोजी टौरांगा येथे सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांचे निधन झाले. माओरी भाषेला कायद्याने राजभाषेचा दर्जा मिळाला तो आणखी तीन वर्षांनी, १९८७ मध्ये.