ब्रुकलिनच्या भणंगाचे चित्रकार : विलार्ड मुलिन

हिणविण्यासाठी फेकलेला शब्द एखाद्या वस्तीने उचलून मस्तकी धारण करावा, असे क्वचितच घडते. अमेरिकेतील ब्रुकलिन येथे ते घडले आणि त्याचे श्रेय पुष्कळ अंशी एका वृत्तपत्रीय चित्रकाराच्या कुंचल्याकडे जाते. त्या विलार्ड मुलिन यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहो.

मुलिन यांचा जन्म 1902 साली ओहायो प्रांतात झाला. बालपण मात्र लॉस एंजेलिस येथे गेले. शाळा संपताच ते पाट्या रंगविण्याच्या कामास लागले. पुढे तेथीलच वृत्तपत्रात चित्रे काढता काढता त्यांचा हात तयार झाला, आणि 1930 नंतरच्या दशकात ते न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड-टेलिग्राम' पत्रात क्रीडा-व्यंगचित्रकार म्हणून रुजू झाले.

ब्रुकलिनचा 'डॉजर्स' हा बेसबॉल संघ त्या काळी हास्यास्पद ठरला होता. 1937 साली आठ संघांत त्याचा क्रमांक सहावा लागला. त्याच वर्षी एका टॅक्सीचालकाने मुलिन यांना, आपल्या भणंगांनी आज काय दिवे लावले, अशा अर्थाचा प्रश्न केला, असे सांगतात. त्या प्रश्नातील 'आपल्या' हा शब्द मुलिन यांनी अचूक हेरला. दाढीचे खुंट वाढलेला, ठिगळांचे कपडे आणि फाटके जोडे घातलेला त्यांचा भणंग जन्मास आला तो असा! सेंट लुईसच्या संघासाठी त्यांनी आगबोटीवरील सडपातळ जुगारी कल्पिला. परंतु भणंगाची सर त्यास आली नाही.

संघाच्या टोपीवर इंग्रजी 'बी' हे अक्षर असे. लोकांच्या मनावरील मुद्रा मात्र भणंगाची होती. 1950 नंतर संघाच्या वार्षिक पुस्तिकांच्या मुखपृष्ठांवरही तो झळकू लागला. जगज्जेतेपदाच्या अंतिम मालिकेत ब्रुकलिन सात वेळा हरले होते, त्यांपैकी पाच वेळा शेजारच्या 'यँकीज' संघाकडून. अखेर 1955 साली त्याच यँकीजना नमवून त्यांनी ते पद मिळविले आणि ठिगळांच्या कपड्यांस राजवस्त्रांचे मोल आले. 1957 साली तर संघाने एमेट केली या सर्कशीतील विख्यात फाटक्या विदूषकालाच मैदानावर आणले. जणू चित्रातला भणंग सदेह अवतरला!

परंतु त्याच हंगामानंतर मालकांनी संघ लॉस एंजेलिसला हलविला. 1960 साली जुने मैदानही पाडण्यात आले. मुलिन यांचे वृत्तपत्र 1966 साली इतर पत्रांत विलीन झाले आणि ते नवे पत्रही वर्षभरात बंद पडले. 1978 च्या डिसेंबरात मुलिन निवर्तले. तत्पूर्वी, 1954 सालच्या कार्यासाठी, व्यंगचित्रकारांच्या राष्ट्रीय संस्थेने त्यांना आपले सर्वोच्च रूबेन पारितोषिक अर्पण केले होते.

संघ गेला, मैदान गेले, पत्र गेले. भणंग मात्र ब्रुकलिनच्या आठवणीत राहिला. पराभूतांची थट्टा कोणीही करतो. त्यांच्यातलाच एक होऊन थट्टा करणे मुलिन यांना साधले, आणि म्हणूनच ब्रुकलिनच्या लोकांनी तिला आपले बिरुद मानले. आमच्यातील ज्या तरुणांच्या हाती कुंचला वा लेखणी आहे, त्यांनी एवढी गोष्ट ध्यानी ठेवावी, अशी आमची विनंती आहे.