आठव्या वर्षी त्याला आजारी पोरांबरोबर तबेल्यात डांबलं होतं, मोठेपणी त्याने देवीची लस शोधली

सोलापुरात साठी ओलांडलेल्या एखाद्या आजोबांचा दंड नीट बघा. नाण्याएवढा, खोलगट, गोल व्रण दिसेल. काहींच्या हातावर असे दोन-तीन व्रण असतात. आपल्या दंडावर असतो तो लहान व्रण वेगळा, तो जन्मानंतर दिलेल्या बीसीजीचा. आजोबांचा व्रण देवीच्या लसीचा आहे.

या आजाराला मराठीत 'देवी' म्हणायचे. सोलापूरच्या तेलुगू आणि कन्नड घरांतही ती 'अम्मा'च होती. नाव देवाचं असलं तरी धास्ती खरी होती, कारण देवी आलेल्या दर दहा जणांपैकी दोन ते तीन जण दगावायचे. वाचलेल्यांपैकी कुणाचे डोळे जायचे, कुणाचा चेहरा कायमचा खड्ड्यांनी भरायचा.

ही लस शोधणारा माणूस म्हणजे एडवर्ड जेन्नर. शाळेच्या पुस्तकात त्याची गोष्ट एका गवळणीपासून सुरू होते. खरं तर ती एका घाबरलेल्या पोरापासून सुरू व्हायला हवी, आणि ते पोर म्हणजे तो स्वतःच.

जेन्नरचा जन्म १७ मे १७४९ चा, इंग्लंडमधल्या बर्कली गावातला. वडील तिथल्या चर्चचे पाद्री. हा नऊ भावंडांमधला आठवा. पाच वर्षांचा होता तेव्हा आई-वडील दोघंही गेले आणि मोठ्या भावंडांनी त्याला सांभाळलं.

आठव्या वर्षी त्याला देवी टोचायला नेलं. लस तर अजून जन्मालाच यायची होती, मग टोचलं काय? तर खऱ्या देवीच्या फोडातला पू. निरोगी माणसाच्या कातडीला चीर देऊन तो आत घालायचा, म्हणजे आजार सौम्य येतो आणि पुन्हा कधी होत नाही. आपल्याकडे बंगालमध्ये टीकादार हेच काम करायचे. तुर्कस्तानातही ही रीत होती आणि तिथूनच ती १७२१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पोहोचली.

तुर्कस्तानात म्हाताऱ्या बायका सुईने नुसतं ओरखडायच्या. इंग्रज डॉक्टरांच्या हातात पडल्यावर मात्र या साध्या कामाचा मोठा सोपस्कार झाला. शरीर 'शुद्ध' करायच्या नावाखाली छोट्या जेन्नरला काही आठवडे जवळजवळ उपाशी ठेवलं, जुलाब दिले, पुन्हा पुन्हा रक्त काढलं. पोर वाळून काडी झालं. मग पू टोचला आणि तबेल्यात नेऊन ठेवलं. टोचलेल्या माणसाकडून इतरांना खरी देवी लागू शकायची, म्हणून सगळ्यांना बंद ठेवायची पद्धत होती. त्या तबेल्यात आजूबाजूला तापाने फणफणलेली, फोडांनी भरलेली पोरं होती. आई-वडील नसलेला आठ वर्षांचा मुलगा तिथे पडून राहिला.

तो वाचला. पण पुढे कित्येक वर्षं त्याला धड झोप लागायची नाही. अचानक आवाज झाला की दचकायचा.

या टोचणीत शंभरातली एक-दोन माणसं मरायचीच. तरी लोक पोरांना नेत होते, कारण देवी आली तर त्याहून वाईट, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चौदाव्या वर्षाच्या आसपास जेन्नर एका शल्यवैद्याच्या हाताखाली लागला. एकविसाव्या वर्षी लंडनला जॉन हंटर या नामांकित सर्जनकडे गेला. हंटरचा शिरस्ता असा, की नुसता विचार करत बसू नका, करून बघा. तिथे राहून पैसा आणि नाव दोन्ही मिळालं असतं. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर जायची संधीही आली होती. ती नाकारून १७७३ मध्ये हा पठ्ठ्या गावी परतला आणि गावचा डॉक्टर झाला. फावल्या वेळात कविता करायचा, व्हायोलिन वाजवायचा. कोकिळेचं नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यातली अंडी-पिल्लं कशी बाहेर ढकलतं, हे त्याने बारकाईने मांडलं. त्यावरूनच त्याला रॉयल सोसायटीत मान मिळाला.

गाईंची धार काढणाऱ्यांना हातावर 'गोदेवी'चे फोड येतात आणि मग त्यांना खरी देवी होत नाही, हे तिकडच्या गवळ्यांना ठाऊक होतं. बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने तर १७७४ मध्येच बायकोला आणि दोन मुलांना मोजे शिवायच्या सुईने गोदेवी टोचली होती. म्हणजे कल्पना जेन्नरची एकट्याची नव्हती. पण ती तपासून, लिहून जगापुढे ठेवली त्याने.

१४ मे १७९६. सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव त्याने आपल्या माळ्याच्या मुलाला टोचला. जेम्स फिप्स त्याचं नाव, वय आठ. जेन्नर तबेल्यात पडला होता तेव्हाचंच वय! पण जेम्सला ना उपाशी ठेवलं, ना डांबलं. दंडावर दोन वरवरच्या चिरा दिल्या. थोडा ताप, थोडी कणकण, आणि पोरगं दहा दिवसांत ठणठणीत.

पुढचा भाग मात्र वाचवत नाही. १ जुलैला जेन्नरने त्याच जेम्सला खऱ्या देवीचा पू टोचला, लस लागू पडली का हे बघायला. काहीच झालं नाही. पण झालं असतं तर? आज कुठलीही समिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही. त्या काळी असा पू टोचणं हा रोजचाच उपचार होता, हे खरं. तरी माळ्याचा मुलगा मालकाला नाही म्हणू शकला असता का, हा प्रश्न उरतोच.

रॉयल सोसायटीने त्याचं टिपण परत पाठवलं. मग १७९८ मध्ये त्याने २३ जणांच्या नोंदी असलेलं पुस्तक स्वखर्चाने छापलं. लोकांनी टिंगल केली. लस घेतलेल्यांना शिंगं फुटल्याची व्यंगचित्रं निघाली.

तरी लस जगभर गेली, आणि ती नेली मुलांनी. फ्रिज नव्हते, लस वाळली की निकामी व्हायची. त्यामुळे एका मुलाच्या फोडातला द्रव दुसऱ्याला, त्याचा तिसऱ्याला, अशी साखळी चालवायची. १८०३ मध्ये स्पेनने २२ अनाथ मुलं जहाजावर घालून अशीच लस अमेरिका खंडात पाठवली.

आपल्याकडे ती व्हिएन्ना, बगदाद, बसरामार्गे मुंबईत आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुंबईकर मुलीला ती टोचली. भारतात लस लागू पडलेली ही पहिली व्यक्ती. मुलगी मोठी शांत होती, टोचताना हलली नाही, याचं कौतुक तेव्हाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. तिच्या हातावरून पाच मुलांना आणि तिथून पुढे पुणे, सुरत, मद्रासकडे लस गेली. सोलापूरचा किल्ला इंग्रजांकडे १८१८ मध्ये गेला. सरकारी टोचणी त्यानंतरची.

मराठीने या गोष्टीला शब्दही नेमका दिला. जखमेतून पाझरणारा पातळ द्रव म्हणजे 'लस'. एका हातावरून दुसऱ्या हातावर तेच तर जात होतं.

गंमत म्हणजे, ज्याने टोचणी सोपी केली त्याच्याच लसीला पुढे आपली पोरं घाबरू लागली. 'देवी डॉक्टर' आला म्हटल्यावर मुलं लपून बसायची. कारण होतं त्याच्या हातातलं यंत्र. दांड्याला बारीक दात असलेली चकती, ती कातडीवर टेकवून गरकन फिरवायची. आजोबांच्या दंडावरचा गोल व्रण तिचाच. १९७० च्या आसपास दोन टोकांची साधी सुई आली. दोन टोकांमध्ये लसीचा एक थेंब अडकायचा, पंधराएक वेळा हलकेच टोचलं की काम झालं. लसही आधीच्या पावपट लागायची. १९७५ मध्ये भारतातले देवीचे शेवटचे रुग्ण सापडले आणि १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं.

जेन्नरला संसदेने आधी १० हजार, नंतर २० हजार पौंड दिले. तरी तो बर्कलीतच राहिला. बागेतल्या एका झोपडीत गोरगरिबांच्या मुलांना फुकट लस टोचायचा. टोचून झालं की मुलं आपापल्या घरी. १८१० मध्ये थोरला मुलगा क्षयाने गेला, १८१५ मध्ये बायकोही त्याच आजाराने. देवीवर उपाय सापडलेल्या माणसाकडे क्षयावर काही नव्हतं.

२६ जानेवारी १८२३ रोजी तो गेला. जेम्स फिप्सला त्याने गावात एक घर बिनभाड्याने राहायला दिलं होतं. अंत्ययात्रेला जेम्स आला होता, तेव्हा तो पस्तिशीचा होता. त्यानंतर तो आणखी तीस वर्षं जगला आणि बर्कलीच्याच चर्चच्या आवारात पुरला गेला.