डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत एक लहानसा प्रश्न वारंवार विचारला जातो. सजीवांच्या पेशीला आपल्या कार्यासाठी लागणारी ऊर्जा प्रत्यक्षात कोणत्या पदार्थापासून मिळते? विद्यार्थी दोन ओळींत उत्तर लिहितो. हा पदार्थ म्हणजे ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. त्यालाच संक्षेपाने एटीपी असे म्हणतात. उत्तर बरोबर येते, गुण मिळतात, आणि विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परंतु या दोन ओळींतील सत्य ज्यांनी जगापुढे आणले, त्यांपैकी एक संशोधक भारतीय होता, आणि तो स्वतः मॅट्रिकच्या परीक्षेत दोन वेळा अनुत्तीर्ण झाला होता, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. त्या संशोधकाचे नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम् या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडील जगन्नाथम् हे महसूल खात्यात नोकरीस होते. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना लवकरच नोकरी सोडावी लागली. सात भावंडांच्या त्या संसाराचा भार आई वेंकम्मा यांच्यावर पडला. बाई मोठ्या करारी. वाटेल ते कष्ट पडोत, मुलांनी शिकले पाहिजे, असा त्यांचा निर्धार होता.

सुब्बारावांचे चित्त मात्र अभ्यासात रमत नव्हते. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांच्या मनाने वेगळेच घेतले. काशीक्षेत्री यात्रेकरूंची सदैव गर्दी असते. तेथे केळी विकली तर पुष्कळ पैसा मिळेल, या कल्पनेने ते एका नातलग मुलाला बरोबर घेऊन घरातून निघून गेले. आईला हे कळताच तिने त्यांना शोधून परत आणविले आणि पुन्हा शाळेत बसविले. तरीही मॅट्रिकची परीक्षा काही केल्या पार पडेना. पहिल्या खेपेस अपयश आले, दुसऱ्या खेपेसही तेच घडले. तशातच वडिलांचे छत्र हरपले. आईने आपले दागिने मोडून मुलाच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला आणि त्याला मद्रासला धाडले. आईच्या अंगावरचे सोने आपल्या फीपायी गेले, ही गोष्ट मुलाच्या जिव्हारी लागली असल्यास नवल नाही. मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून तिसऱ्या खेपेस तो मॅट्रिक उत्तीर्ण झाला.

पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना सुब्बाराव रामकृष्ण मठाच्या सहवासात आले. संन्यास घेऊन सर्व आयुष्य लोकसेवेत घालवावे असे त्यांना वाटू लागले. परंतु आईची त्यास संमती नव्हती. मठातील वडीलधाऱ्यांनीही त्यांना सल्ला दिला की, सेवाच करावयाची तर वैद्यकाचे शिक्षण घेऊन रुग्णांची सेवा करावी. तो सल्ला मानून त्यांनी मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. मित्रांनी साह्य केले. कस्तुरी सूर्यनारायणमूर्ती या गृहस्थांनीही मदतीचा हात पुढे केला. १९१९ साली त्यांच्याच कन्येशी, शेषगिरी यांच्याशी, सुब्बारावांचा विवाह झाला.

तो काळ स्वातंत्र्याच्या चळवळीचा होता. महात्मा गांधींच्या आवाहनाला अनुसरून सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गातही खादीचाच अंगरखा घालून जाऊ लागले. शल्यशास्त्राच्या इंग्रज प्राध्यापकांना हे मुळीच रुचले नाही. सुब्बारावांच्या लेखी उत्तरपत्रिका चांगल्या होत्या. तरीही अखेरीस त्यांच्या पदरी एम. बी. बी. एस. ही पूर्ण पदवी पडली नाही. तिच्याहून कमी प्रतीच्या एल. एम. एस. या प्रमाणपत्रावर त्यांना समाधान मानावे लागले. या कमी प्रतीच्या कागदामुळे पुढे परदेशातही त्यांची वाट अडली; परंतु अंगावरची खादी उतरविण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

तारुण्यातच सुब्बारावांवर एक घोर आपत्ती कोसळली. स्प्रू या आतड्यांच्या रोगाने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने दगावले. या रोगात खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होत जाते आणि रोगी झिजून झिजून मरतो. पुढे खुद्द सुब्बारावांनाही याच व्याधीने गाठले. डॉ. आचंट लक्ष्मीपती या वैद्यांच्या आयुर्वेदीय उपचारांनी ते वाचले, आणि त्यांच्याच आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. परंतु भावांचे मरण ते विसरू शकले नाहीत. ज्या रोगापुढे वैद्य हात टेकतात त्या रोगाचे मूळ शोधून काढावे, या ध्यासाने त्यांनी अमेरिकेस जाण्याचे ठरविले. काकिनाड्याच्या एका धर्मादाय निधीने आणि सासऱ्यांनी पैशांची तजवीज केली. तरुण पत्नीचा निरोप घेऊन ते निघाले आणि २६ ऑक्टोबर १९२३ रोजी बोस्टन शहरी पोहोचले. पती-पत्नींची ती अखेरची भेट ठरली. त्यांच्या प्रयाणानंतर जन्मलेला मुलगा तान्हेपणीच वारला. त्याचे मुखदर्शनही पित्याला घडले नाही.

परक्या देशात सुब्बारावांजवळ ना पैसा होता, ना मान्यता पावलेली पदवी. दिवसा ते हार्वर्ड विद्यापीठात उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यास करीत आणि रात्री एका रुग्णालयात हमालाचे काम करीत. रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलणे आणि धुणे, हे त्या कामाचे स्वरूप होते. जो मनुष्य स्वतः रुग्णांवर उपचार करण्याचे शिक्षण घेऊन आला होता, त्याने हे काम कोणतीही लाज न बाळगता केले. १९२४ साली पदविका मिळवून ते हार्वर्डच्या जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्के या प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करू लागले.

रक्तात व स्नायूंत फॉस्फरस किती आहे हे अचूक मोजावे कसे, हा त्या वेळी एक अवघड प्रश्न होता. फिस्के आणि सुब्बाराव यांनी त्यासाठी एक सोपी रीत बसविली. तपासावयाच्या द्रवात विशिष्ट रसायने मिसळली म्हणजे त्यास निळा रंग चढतो. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस अधिक. १९२५ साली प्रसिद्ध झालेली ही रीत फिस्के-सुब्बाराव पद्धती या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली.

याच निळ्या रंगाने पुढचा मार्ग दाखविला. स्नायूंच्या अर्काची तपासणी करताना असे आढळून आले की, निळा रंग एकदम न चढता सावकाश चढत जातो. दुसरा एखादा संशोधक ही क्षुल्लक बाब समजून पुढे गेला असता. परंतु सुब्बाराव तेथेच थांबले आणि असे का व्हावे याचा विचार करू लागले. अर्कात फॉस्फरसचे एखादे नाजूक संयुग असले पाहिजे आणि ते हळूहळू फुटत असल्यामुळे रंग सावकाश चढत असला पाहिजे, असे अनुमान निघाले. शोध घेता ते संयुग सापडले. त्याचे नाव फॉस्फोक्रिएटिन. १९२७ साली हा शोध प्रसिद्ध झाला. स्नायूने काम केले म्हणजे हा पदार्थ कमी होतो आणि विश्रांती मिळताच पुन्हा तयार होतो, असे प्रयोगांती दिसून आले. स्नायूंना दुधाच्या आम्लापासून बळ मिळते, अशी त्या काळी विद्वानांची समजूत होती. या नव्या शोधाने त्या समजुतीला मोठाच धक्का बसला.

दोन वर्षांनी, १९२९ साली, त्याच स्नायूंत एटीपी हा पदार्थ हाती लागला. त्याच वर्षी जर्मनीतील कार्ल लोहमान यांनीही स्वतंत्रपणे तोच शोध लावला. एटीपीच्या रेणूत फॉस्फेटचे तीन गट एकापुढे एक असे जोडलेले असतात. पाण्याच्या संयोगाने शेवटचा गट सुटा झाला की ऊर्जा मोकळी होते आणि ती पेशीच्या कामी येते. आपण खाल्लेल्या अन्नातील ऊर्जेच्या बळावर तो गट पुन्हा जोडला जातो. मजूर रोज कमावतो आणि रोज खर्च करतो, तसाच पेशीचा हा व्यवहार आहे. धावताना स्नायूतील एटीपीचा साठा काही सेकंदांतच संपावयाचा. परंतु फॉस्फोक्रिएटिन त्याची तातडीने भरपाई करते आणि तेवढ्या वेळात अन्नापासून नवी ऊर्जा मिळविण्याची व्यवस्था सुरू होते. मुंगीचे चालणे, झाडाच्या मुळांनी जमिनीतील क्षार ओढून घेणे, माणसाचे विचार करणे, या साऱ्या क्रियांना एटीपीचाच आधार आहे, हे पुढील संशोधकांनी सिद्ध केले.

१९३० साली सुब्बारावांना डॉक्टरेट मिळाली. इतके मोठे कार्य करूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा मात्र दिली नाही. तेव्हा १९४० साली ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत दाखल झाले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख बनले.

येथे त्यांना आपला जुना संकल्प पुरा करण्याची संधी लाभली. मुंबईत गिरणीकामगार वर्गातील गरोदर स्त्रियांना एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होत असे. ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईंनी त्याचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व. निसर्गात ते फार अल्प प्रमाणात सापडे. त्यामुळे रुग्णांना पुरेल इतके औषध मिळणे अशक्य होते. सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनी अथक परिश्रम करून १९४५ साली ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार केले. ज्या स्प्रूने सुब्बारावांचे भाऊ नेले, त्याच स्प्रूच्या रोग्यांना या औषधाने गुण येऊ लागला. भावांसाठी हा उपाय फार उशिरा आला; परंतु तो असंख्य भावांच्या कामी आला. आजही गरोदर स्त्रियांना आणि शाळेतील मुलामुलींना लोहाबरोबर फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते.

या संशोधनातून आणखी एक वाट फुटली. पेशींना वाढीसाठी फॉलिक आम्ल लागते. मग त्याच्यासारखेच दिसणारे, पण त्याचे काम न करणारे द्रव्य दिले तर बेसुमार वाढणाऱ्या रोगट पेशींची वाढ खुंटेल काय? लेडर्लीमध्ये अशी द्रव्ये तयार करण्यात आली. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना त्यांपैकी एक औषध दिले. १९४८ साली त्यांनी जाहीर केले की, सोळा मुलांपैकी दहा मुलांना त्याने काही काळ उतार पडला. त्यापूर्वी या रोगावर काहीच इलाज नव्हता. याच जातीचे मेथोट्रेक्सेट हे औषध आजही जगभर वापरले जाते.

हत्तीरोगावरील डीईसी हे औषधही याच प्रयोगशाळेतून १९४७ साली बाहेर आले. विदर्भातील हत्तीरोगग्रस्त भागांत आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन या औषधाच्या गोळ्या देतात. तसेच सुब्बारावांच्या देखरेखीखाली, सत्तरी ओलांडलेल्या बेंजामिन डग्गर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ठिकठिकाणची माती तपासून तीतील एका सोनेरी सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक मिळविले. टेट्रासायक्लिन वर्गातील हे पहिले औषध होय.

एवढे यश लाभूनही सुब्बारावांची राहणी साधी होती. समारंभ आणि वृत्तपत्रांतील प्रसिद्धी यांपासून ते दूरच राहत; शोधाचे श्रेय सहकाऱ्यांना देत. १९४८ च्या ऑगस्ट महिन्यात, एका रात्री झोपेतच, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा एक वर्ष होत आले होते. परंतु स्वतंत्र मायदेश पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या स्मरणार्थ एका बुरशीच्या प्रजातीला सुब्बारोमायसीस असे नाव देण्यात आले, आणि जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९५ मध्ये, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

परीक्षेतील गुणांनी सुब्बारावांची योग्यता कधीच मोजली गेली नाही. तरीही त्यांनी परीक्षेचा तिरस्कार केला नाही. दोनदा हरल्यावर ते तिसऱ्यांदा बसले. मात्र छापील उत्तरावर त्यांचे समाधान होत नसे. निळा रंग सावकाश का चढतो, हा प्रश्न त्यांना कोणत्याही परीक्षकाने विचारला नव्हता. तो त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत त्याचा पाठपुरावा केला. आज विद्यार्थी परीक्षेत दोन ओळींत जे उत्तर लिहितात, ते अशा रीतीने जगाला मिळालेले आहे.