लक्ष्मणराव किर्लोस्कर : नांगरापासून पंपापर्यंत

विहिरीवरचा पंप हवा घेऊ लागला की धार तुटते. पाणी आणि हवा एकाच नळीत शिरतात, नळी थरथरते आणि तोंडाशी नुसती पिचकारी उरते. नळीतून काय आणि किती वाहील हे आधीच सांगता येणे, यावर पंपाची सारी विद्या उभी आहे. ती आपल्या भागातील बांधापर्यंत आणण्यात मोठा वाटा लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा होता. या स्मरणिकेत कारखानदाराचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईल.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; परंतु काही रंग आपल्या डोळ्यांना वेगळे ओळखता येत नाहीत, हे तेथे ध्यानात आले. रंग सुटले आणि यंत्रांची रेखाचित्रे हाती आली. पुढे ते मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून बेळगावी आले. तेथे सायकली, कडबा कापण्याची यंत्रे आणि मग लोखंडी नांगर असा क्रम लागला. लोखंडाने जमीन नासते, ही समजूत इतकी पक्की होती की पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. मुलूख औंध संस्थानचा, सभोवार सातारा जिल्हा. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली पडले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. शाहू महाराजांच्या चरित्रातील हा प्रसंग आम्हांस विशेष प्रिय आहे.

१९२६ च्या सुमारास वाडीत पंप तयार होऊ लागले. मोटेला गणित लागत नसे. बैल ओढतील तेवढे पाणी. पंपाला मात्र हिशेब हवा. पाणी किती उंच चढवावयाचे, नळी किती लांब, किती रुंद, तिला वळणे किती, हे आधी मांडावे लागते. नळी अरुंद घेतली तर घर्षण झपाट्याने वाढते आणि धार मंदावते. ओढनळीतून पाणी वर येते ते बाहेरील हवेच्या दाबाने. तो दाब फार तर दहा मीटर पाणी पेलतो, व्यवहारात सहा-सात. म्हणून खोल विहिरीत पंप आत उतरवून बसवावा लागतो. सांध्यातून हवा शिरली तर सारा हिशेब फसतो.

लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही काम दिले. याच जिल्ह्यात, १९०० साली साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या भीमरावांना तहान लागली तरी नळास हात लावता येत नसे. शिपायाने नळ उघडला तरच पाणी. नळीतील पाण्याला जात ठाऊक नसते, ती तोटीपाशी उभी असते. १९१८ साली बाबासाहेबांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर प्रबंध लिहिला. शेतीवर साचलेल्या जादा हातांना उद्योगाकडे नेल्यावाचून उपाय नाही, असे त्यात दाखविले. कुंडलच्या माळावर त्याचे छोटे उदाहरण आठ वर्षे आधीच उभे राहिले होते. या स्मरणिकेत लक्ष्मणराव आहेत ते यासाठी.

मात्र वाडीच्या फाटकातून बाहेर पडलेला पंप ज्याची विहीर, त्याच्याच मळ्यावर गेला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. नागपूरची दीक्षा त्यानंतर अठरा दिवसांनी झाली. महार वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. त्यानंतरही आमच्या कित्येक घरांच्या वाट्याच्या तुकड्यावर विहीर नव्हती, आणि विहिरीवाचून पंप कोठे बसविणार?