रुग्णांच्या उशाशी

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरांवर सेवाग्राम आश्रम आहे. सहलीला आलेली मुले तेथे बापूकुटी पाहतात, गांधीजींच्या वापरातील साध्यासुध्या वस्तू पाहतात आणि पुढे जातात. त्याच आवारात परचुरे कुटी नावाची एक लहानशी झोपडी आहे. तिच्याकडे पुष्कळांचे लक्षच जात नाही. ती कोणासाठी उभारली गेली, हे कळण्यासाठी गांधीजींच्या आयुष्याची एक निराळीच बाजू पाहावी लागते.

स्वातंत्र्याच्या लढ्याचे नेते म्हणून गांधीजी सर्वांना ठाऊक आहेत. परंतु लढा, तुरुंग, सभा आणि पत्रव्यवहार यांच्या धबडग्यातही त्यांनी एक काम कधी सोडले नाही. ते काम म्हणजे रोग्यांची शुश्रूषा. गांधीजी डॉक्टर नव्हते. तरुणपणी त्यांना वैद्यकाचा अभ्यास करावयाचा होता. परंतु शवविच्छेदन वडिलांना मान्य झाले नसते, असे वडील बंधूंनी सांगितले आणि ते वकिलीकडे वळले. रोग्याजवळ बसण्याची त्यांची ओढ मात्र तशीच राहिली.

या ओढीचा आरंभ राजकोटच्या घरी झाला. मोहनदास सोळा वर्षांचा होता. वडील करमचंद भगंदराच्या विकाराने अंथरुणास खिळले होते. जखम धुऊन बांधणे, औषधे वेळेवर देणे आणि रात्री वडिलांचे पाय चेपणे ही कामे मोहनदासाची. १८८५ साली एका रात्री चुलत्यांनी त्याला विश्रांतीसाठी पाठविले. तो आपल्या खोलीत गेला आणि पाच-सहा मिनिटांतच नोकराने दार ठोठावले. तोवर वडील गेले होते. अखेरच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, ही चुटपुट त्यांना जन्मभर लागून राहिली.

पुढे विलायतेत बॅरिस्टर होऊन गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले. १८९७ पासून ते कुटुंबासह डर्बन शहरी राहू लागले. तेथे एके दिवशी एक कुष्ठरोगी त्यांच्या दाराशी आला. त्याला नुसते जेवण देऊन वाटेला लावणे त्यांच्या जिवावर आले. त्यांनी त्याला घरात ठेवून घेतले, त्याच्या जखमा धुऊन बांधल्या आणि काही दिवसांनी सरकारी रुग्णालयात पोहोचविले. परंतु एवढ्याने मनाचे समाधान होईना. डॉ. बूथ नावाचे एक सेवाभावी गृहस्थ तेथे होते. पारशी रुस्तुमजी यांच्या देणगीतून एक छोटे धर्मार्थ रुग्णालय निघाले, त्यावर डॉ. बूथ यांची देखरेख होती. गांधीजी रोज सकाळी आपल्या वकिलीतून तास-दोन तास काढून तेथे जाऊ लागले.

त्यांचे काम कोणते? औषधे तयार करून देणे हे एक. परंतु त्याआधीचे काम अधिक नाजूक होते. आलेल्या प्रत्येक रोग्याची विचारपूस करून त्याचे दुखणे समजून घ्यावयाचे आणि ते नीट मांडून डॉक्टरांना सांगावयाचे. येणारे रोगी बहुतेक गिरमिटिये मजूर. कोणी तमिळ, कोणी तेलुगू, कोणी उत्तर हिंदुस्थानातले. परक्या देशात गोऱ्या डॉक्टरांपुढे त्यांची वाचा बसत असेल, यात नवल नाही. वाचकांपैकी जे कधी आजारी पडले असतील, त्यांना हे पटेल की डॉक्टरांनी विचारताच नेमके काय दुखते ते चटकन सांगता येत नाही. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, ताप थंडी वाजून येतो की तसाच, लघवी झाली का, अन्न पोटात ठरते का, हे एकेक करून विचारावे लागते. आणि विचारणाऱ्याला घाई असून चालत नाही. वैद्यकाच्या पोथीतले हे पहिले पान होय. गांधीजी ते पान त्या धर्मार्थ दवाखान्यात शिकले.

१८९९ साली बोअर लोक आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले. गांधीजींची सहानुभूती बोअरांकडे होती. तथापि त्या काळी ब्रिटिश प्रजाजन म्हणून आपलेही काही कर्तव्य आहे असे ते मानीत. त्यांनी सुमारे १,१०० हिंदी लोकांचे शुश्रूषा-पथक उभे केले. पथकातील लोकांना जखमींच्या शुश्रूषेचे शिक्षण डॉ. बूथ यांनी दिले. डोल्यांवर जखमी घालून दिवसाकाठी २०-२५ मैल चालावे लागे. करारानुसार तोफांच्या माऱ्यात जाण्याचे बंधन पथकावर नव्हते. परंतु स्पायन कोपच्या लढाईत, १९०० च्या जानेवारीत, हे लोक तेथेही गेले. सेनापती वुडगेट यांनाही याच पथकाने उचलून आणले.

रणांगणावर एक कठीण प्रश्न पडतो. शंभर जखमी आणि हात दहा. तेव्हा आधी कोणाला उचलावयाचे? पूर्वीच्या सैन्यांत याचे उत्तर सोपे होते: आधी सरदार, मग शिपाई. नेपोलियनच्या सैन्यात डॉमिनिक लारे नावाचा शस्त्रवैद्य होता. त्याने हा क्रम मोडला. ज्याची जखम अधिक प्राणघातक त्याला आधी, मग त्याची पदवी कोणतीही असो, असा दंडक त्याने घातला. आज जगातील रुग्णालये आणीबाणीच्या वेळी याच दंडकाने चालतात.

१९०२ साली गांधीजी मुंबईस गिरगावात राहत असताना त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा देण्यास सांगितले. गांधीजींना ते आपल्या धर्माविरुद्ध वाटले. त्यांनी पाण्याचे उपचार करण्याचे ठरविले. परंतु त्याच वेळी डॉक्टरांना विनंती केली, की आपण मधून मधून येऊन मुलाची नाडी आणि छाती तपासावी, कारण ते ज्ञान मला नाही. ताप १०४ अंशांपर्यंत चढला. बापाने मुलाला ओल्या चादरीत गुंडाळले आणि तळमळत्या मनाने थोडा वेळ चौपाटीवर फिरून आले. परत येतात तो मुलाला घाम फुटला होता. मणिलाल वाचला. तथापि हा धोका फार मोठा होता असेच आम्हांस वाटते, आणि आज कोणी तसे करू नये. त्यातून घेण्यासारखे आहे ते हे, की स्वतःला काय तपासता येत नाही याची त्यांना जाणीव होती.

परंतु सर्वांत कठीण कसोटी १९०४ साली जोहान्सबर्गला लागली. सोन्याच्या खाणीत फुप्फुसांचा प्लेग उद्भवला आणि २३ हिंदी मजूर रोग घेऊन एकाच संध्याकाळी आपल्या वस्तीत परतले. हा प्लेग श्वासावाटे पसरतो. मदनजित नावाच्या धीट कार्यकर्त्याने एका रिकाम्या घराचे कुलूप तोडले आणि सर्व रोग्यांना एकत्र ठेवले. निरोप मिळताच गांधीजी सायकलवरून तेथे पोहोचले. डॉ. विल्यम गॉडफ्रे हेही धावून आले. एक डॉक्टर आणि २३ रोगी!

आता मदतीला कोणाला घ्यावयाचे? जो आत जाईल तो परत येईलच याची शाश्वती नव्हती. गांधीजींच्या कचेरीत चार तरुण हिंदी कारकून होते. चौघेही तयार झाले. रिच नावाचे एक गोरे सहकारीही येण्यास उत्सुक होते. परंतु त्यांच्या पाठीमागे मोठे कुटुंब होते, म्हणून गांधीजींनी त्यांना थांबविले. ती सारी रात्र या मंडळींनी रोग्यांना औषध देण्यात, त्यांची घाण काढण्यात आणि त्यांना धीर देण्यात घालविली.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने एक ओसाड वखार दिली. ती यांनीच झाडून स्वच्छ केली. नगरपालिकेने एक परिचारिकाही पाठविली. ती मायाळू होती, रोग्यांजवळ जाण्यास उत्सुक होती. पण तिला संसर्ग होऊ नये म्हणून ही मंडळी तिला रोग्यांना सहसा हात लावू देत नसत. डॉ. गॉडफ्रे यांच्या संमतीने गांधीजींनी तीन रोग्यांच्या डोक्यावर व छातीवर ओल्या मातीच्या पट्ट्या ठेवून पाहिल्या. त्या तिघांपैकी दोघे वाचले. बाकीचे सारे, म्हणजे एकवीस जण, दगावले. ती परिचारिकाही प्लेगला बळी पडली. आणि रोग्यांना उचलणारे, पुसणारे गांधीजी व त्यांचे सोबती मात्र सुखरूप राहिले. असे का झाले, हे गांधीजींनाही सांगता आले नाही. मातीच्या उपचारांवरील त्यांची श्रद्धा यामुळे वाढली, परंतु आजचा कोणताही डॉक्टर त्या दोघांच्या वाचण्याचे श्रेय मातीला देणार नाही. प्लेगवर आता प्रतिजैविके आहेत आणि ती लवकर मिळाली तर रोगी बरा होतो. त्या रात्री ती जगात कोठेच नव्हती.

१९०६ साली झुलू लोकांचे बंड झाले, तेव्हा गांधीजी चोवीस जणांचे पथक घेऊन पुन्हा गेले. तेथे त्यांच्या वाट्याला झुलू जखमी आले. फटक्यांनी त्यांची पाठ फुटलेली होती, आणि पाच-सहा दिवस कोणी हात न लावल्यामुळे त्या जखमांना दुर्गंधी सुटली होती. गोऱ्या परिचारकांना ते काम नको होते. गांधीजींच्या पथकाने ते केले. डॉ. बूथ यांच्या दवाखान्यात औषधे बनविण्याची सवय झालेली असल्याने गोऱ्या शिपायांची औषधेही गांधीजीच तयार करून देत.

हिंदुस्थानात परतल्यावर १९१७ साली ते बिहारमधील चंपारण्यात गेले. निळीच्या मळेवाल्यांविरुद्धचा त्यांचा लढा प्रसिद्ध आहे. त्याच वेळी त्यांनी खेड्यांत शाळा आणि औषधोपचाराची केंद्रे काढली, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन या मराठी स्त्रिया तेथे शिकविण्यास गेल्या. भारत सेवक समाजाचे डॉ. देव वैद्यकीय कामाचे प्रमुख झाले. डॉक्टर एक आणि खेडी अनेक, मग करावयाचे काय? व्यवस्था मोठी सुटसुटीत होती. प्रत्येक केंद्रात तीनच औषधे: एरंडेल, क्विनीन आणि गंधकाचे मलम. जीभ मळलेली असेल किंवा पोट साफ नसेल तर एरंडेल. हिवताप असेल तर आधी एरंडेल आणि मग क्विनीन. गळू किंवा खरूज असेल तर जागा स्वच्छ धुऊन मलम. औषध घरी नेऊ देत नसत. ते तेथेच घ्यावयाचे. ज्याचे दुखणे या तिन्हींत बसत नसे, त्याला डॉ. देव ठरलेल्या दिवशी येत तेव्हा दाखवीत. साध्या दुखण्यांनी डॉक्टरांचा वेळ खाऊ नये आणि कठीण दुखणे त्यांच्या नजरेतून सुटू नये, हा या व्यवस्थेचा हेतू उघड दिसतो.

१९२४ साली गांधीजी स्वतःच रोगी झाले. येरवड्याच्या तुरुंगात त्यांचे आंत्रपुच्छ सुजले. १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले.

१९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास आले. हेच पुढे १९४० साली सेवाग्राम झाले. गाव रोगट होते. त्याच वर्षी खुद्द गांधीजींना हिवतापाने वर्ध्याच्या रुग्णालयात राहावे लागले. परंतु सकाळी फिरून आले की आश्रमातील आजारी माणसांकडे त्यांची फेरी ठरलेली असे. कोणाला झोप लागली, कोणाचे पोट साफ झाले, कोणाला आज ताक द्यावयाचे आणि कोणाला नुसते पाणी, हे ते स्वतः विचारून ठरवीत. देशाचे पुढारी चर्चेसाठी आलेले असत, तरी ही फेरी चुकत नसे.

दिल्लीला शिकलेल्या तरुण डॉक्टर सुशीला नायर सेवाग्रामात आल्या, त्या सुमारास या भागात पटकीची साथ होती. तिच्याशी त्या जवळजवळ एकट्याच झुंजल्या. पटकीत शरीरातील पाणी झपाट्याने निघून जाते. अशा वेळी मोठ्याने कण्हणाऱ्यापेक्षा जो गप्प पडून आहे, ज्याचे डोळे खोल गेले आहेत आणि मनगटाची नाडी सापडत नाही, त्याच्याकडे आधी धावावे लागते. नवशिक्याचे लक्ष मात्र कण्हणाऱ्याकडे जाते.

आता त्या लहान झोपडीकडे येऊ. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित आणि येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजींचे सोबती. त्यांना कुष्ठरोग जडला. त्या काळी लोक याला महारोग म्हणत आणि रोग्याची सावलीही टाळीत. सर्वांनी झिडकारलेले शास्त्रीबुवा अखेर सेवाग्रामला आले. आश्रमात मुलेबाळे होती, रोग स्पर्शाने पसरतो अशी समजूत होती. त्यांना ठेवून घेणे सोपे नव्हते. गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांच्यासाठी झोपडी बांधविली आणि त्यांच्या जखमा धुण्याचे व अंगाला तेल चोळण्याचे काम स्वतःकडे घेतले. या रोगात त्वचा बधिर होते. काटा रुतला, चटका बसला तरी रोग्याला कळत नाही, म्हणून त्याचे तळवे दुसऱ्याने रोज पाहावे लागतात. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. परचुरे शास्त्री पुढे वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली काढलेल्या कुष्ठधामात राहिले.

१९४४ साली कस्तुरबा गेल्या. त्यानंतर लवकरच सेवाग्रामात त्यांच्या नावाने स्त्रिया व मुलांसाठी छोटे रुग्णालय निघाले. १९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींनी सेवाग्राम सोडले. त्यांचे परत येणे झालेच नाही. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नाने येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि कस्तुरबा रुग्णालय त्याला जोडले गेले.

आता तेथे वर्ध्याबरोबरच शेजारच्या जिल्ह्यांतूनही रोगी येतात. सर्पदंश झालेला शेतकरी, रस्त्यावरच्या अपघातातील माणसे, तापाने फणफणलेले मूल, असे अनेक जण अपरात्री एकदमच येतात. नातेवाइकांचा गलका चालू असतो. कोणी ओळख सांगतो, कोणी मी आधी आलो म्हणतो. परिचारिका अंथरुणाशी वाकते. श्वास चालू आहे का, नाडी कशी आहे, हाक मारली तर डोळे उघडतात का, हे पाहते, आणि मग हळू आवाजात रोग्यालाच विचारते, की तुम्हांला काय होते आहे.